भाडे घ्या, पण विक्रीही ठेवा

प्रति,
भारतातील संगीत स्ट्रीमिंग सेवांचे प्रमुख, आणि ज्यांच्या मालकीची गाणी तिथे वाजतात त्या संगीत कंपन्यांचे संचालक,



तुमच्याकडे एकच मागणी घेऊन आलो आहे. जे गाणे तुम्ही महिन्याच्या वर्गणीवर ऐकवता, ते ज्याला हवे असेल त्याला विकतही द्या. एकदाच काय ते पैसे घ्या, फाइल हवाली करा, आणि मग ती आम्ही कुठे ठेवतो, कोणत्या यंत्रावर वाजवतो, मरताना कोणाला देऊन जातो, यात लक्ष घालू नका. पुढे जे काही लिहिले आहे ते सगळे या मागणीच्याच पोटातले आहे.

मी तुमचा वर्गणीदार आहे आणि राहणार आहे. स्पॉटिफाय २०१९ च्या फेब्रुवारीत भारतात आले ते महिना ११९ रुपयांत. गाना, सावन, हंगामा त्याआधीपासून होतेच. एका सीडीला पुरतील न पुरतील एवढ्या पैशांत महिनाभर हवे ते ऐका, हा सौदा कोणाही शहाण्या माणसाने घ्यावा असाच आहे. पूर्वी मोगूबाई कुर्डीकरांची एखादी जुनी तबकडी ऐकायची तर आधी ती कोणाकडे आहे हे शोधावे लागे, मग ओळख काढून त्याच्या घरी जावे लागे, संग्रहाची तोंडभर तारीफ करावी लागे, आणि एवढे करून यजमानांचा मूड असला तर कपाट उघडे. काही संग्राहक तबकडी दाखवत, पण वाजवत नसत. झीज होते म्हणे! लातूरच्या एखाद्या मुलीला आज रात्री अकरा वाजता अब्दुल करीम खाँ ऐकावेसे वाटले तर तिला कोणाची मनधरणी करावी लागत नाही. हे तुमचे उपकार आहेत आणि ते मी मान्य करतो.

मालकीचे गोडवे गाण्यातही अर्थ नाही. मुंबई-कोकणच्या हवेत दोन पावसाळे कपाट बंद राहिले की कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी धरते. ती तशीच डेकमध्ये घातली तर हेड खराब होते, मग कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसत बसा. लाखेची तबकडी हातातून सटकली की विषय संपला. आणि आमच्या त्या संग्रहांत सगळा माल रीतसर विकत घेतलेला होता असेही नाही. गल्लीतल्या दुकानदाराकडे यादी द्यायची आणि कोऱ्या कॅसेटमध्ये गाणी भरून घ्यायची, हा प्रकार घरोघरी चाले. त्यातला पैसा ना गायकाला पोचला, ना कंपनीला.

मग तक्रार कशाची? वर्गणी संपली की हातात काहीच उरत नाही, ही तक्रार. मराठी वाचकाला वर्गणी काही नवी नाही. 'सत्यकथा' मासिक १९८२ साली बंद पडले, पण ज्यांनी वर्षानुवर्षे वर्गणी भरली त्यांच्या घरी कापडी बांधणीतले अंक आजही आहेत. कोणी ते वाचतात, कोणी ग्रंथालयाला देतात, कोणी रद्दीत घालतात. जे करतात ते आपल्या मर्जीने. तुमच्याकडे दहा वर्षे पैसे भरले आणि अकराव्या वर्षी भरायचे राहिले, तर आधीच्या दहा वर्षांचे नाव निघत नाही. ११९ रुपयांच्या जुन्या भावानेही दहा वर्षांचे १४,२८० रुपये होतात. 'डाउनलोड' करून ठेवलेली गाणीसुद्धा मुकी होतात, कारण ती फाइल तुमच्या ॲपशिवाय उघडतच नाही.

बरे, पैसे नेमाने भरले तरी गाणी जागेवर राहतील याची हमी आहे का? माझ्या एका यादीतली नाट्यगीतांची ओळच्या ओळ एक दिवस करडी झाली. ॲपचे नाव घेत नाही, कारण हे सगळीकडेच होते. बोट लावले तर वाजेना. का वाजत नाही ते कुठे लिहिलेले नाही, पुन्हा कधी वाजणार तेही नाही, आणि त्या महिन्याचे पैसे मात्र तारखेला कापून गेले. करडे झालेले गाणे निदान आपले नाव तरी दाखवते. काही ठिकाणी ओळच नाहीशी होते, आणि आपले काय हरवले हेसुद्धा ऐकणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही.

हे का होते ते आता जगजाहीर आहे. २०१९ च्या एप्रिलमध्ये सारेगामा आणि स्पॉटिफाय यांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि सारेगामाची गाणी तिथून उतरली. सारेगामा म्हणजे जुनी एचएमव्ही. भारतीय ध्वनिमुद्रणाचा केवढा मोठा साठा एका कराराच्या अभावी बाहेर राहिला! पुढच्या वर्षी दोघांचे जमले. २०२३ च्या मार्चमध्ये झी म्युझिकची गाणी तिथूनच गेली, त्यात 'सैराट'ही आला. पुढे तीही परतली. तुमच्या दृष्टीने या व्यापारातल्या वाटाघाटी, आणि त्या तुम्ही खुशाल करा. पण त्या चालू असताना ज्याच्या घरात 'सैराट'ची सीडी होती त्याला काही कळलेही नाही. ज्याच्याकडे फक्त वर्गणी होती त्याच्या घरचे गाणे तुम्ही दोघांनी मिळून बंद केले.

आता तुम्ही म्हणाल, विकून पाहिले, कोणी घेतले नाही. फ्लिपकार्टने २०१२ साली 'फ्लाइट' नावाचे गाण्यांचे दुकान काढले. साध्या एमपीथ्री फाइल, कुलूप नाही, काही नाही. वर्षाच्या आसपास चालून २०१३ मध्ये ते बंद झाले. बंद करताना कंपनीने दोन अडचणी सांगितल्या होत्या: चोरीची गाणी, आणि लहान रकमा सहज भरण्याची सोय नसणे. दुसरी अडचण खरीच होती. दहा-बारा रुपयांच्या गाण्यासाठी कार्डाचा नंबर, मग पासवर्ड, मग ओटीपी, एवढी यातायात कोण करणार? पण २०१६ साली यूपीआय आले. आज भाजीवाली कोथिंबिरीच्या जुडीचे दहा रुपये क्यूआर कोडवर घेते. ज्या दोन कारणांनी ते दुकान बुडाले त्यांतले हे तरी आता उरलेले नाही, आणि दुकान मात्र पुन्हा कोणी धडपणे मांडलेले नाही. एखाद-दुसरे परदेशी दुकान किंवा स्वतंत्र कलावंतांसाठी बँडकॅम्प, एवढ्यावर मराठी रसिकाची बोळवण होते.

आणखी एक गंमत पाहा. फ्लाइट बुडाले, पण तिथून ज्यांनी गाणी उतरवून घेतली त्यांची गाणी आजही वाजतात. रेसो ही स्ट्रीमिंग सेवा २०२४ च्या जानेवारीत भारतातून गेली, विंक त्याच वर्षी गुंडाळली गेली. तिथल्या वर्गणीदारांनी हौसेने रचलेल्या याद्यांचे काय झाले ते ज्याचे त्याला ठाऊक.

गिऱ्हाईक नाही हेही मला पटत नाही. तुमच्यातल्याच सारेगामाने २०१७ साली कारवाँ काढला. ट्रान्झिस्टरच्या घाटाचा डबा, आत पाच हजार गाणी, ना इंटरनेट ना वर्गणी. त्याची मराठी आवृत्तीही निघाली. तो डबा भेट म्हणून घरोघरी गेला. एकदा पैसे मोजले की गाणे आपले, ही गोष्ट लोकांना कळते आणि परवडतेही. पण त्या डब्यातली गाणी कंपनीने निवडलेली. माझी निवड मला करता येईल असे काही द्या, एवढेच म्हणतो.

प्रत्यक्ष दुकाने तर गेलीच. काळा घोड्याचे रिदम हाउस २०१६ च्या फेब्रुवारीअखेर बंद झाले.  पुण्याचे अलूरकर म्युझिक हाऊस नुसते दुकान नव्हते, ते स्वतः शास्त्रीय संगीताच्या कॅसेट प्रकाशित करी. दुकानदार गिऱ्हाइकाला ओळखत असे, आणि "हे राहू द्या, त्यापेक्षा हे ऐका" म्हणण्याचा त्याला अधिकार असे. तुमचे ॲप मला मारवा संपताच भांगड्याचे रिमिक्स ऐकवते. असो, हा रागाचा भाग झाला.

मालकी कशासाठी, याचे मला माहीत असलेले सर्वांत चांगले उदाहरण गोव्याच्या केरी गावात जन्मलेल्या केसरबाई केरकरांचे आहे. बाईंना ध्वनिमुद्रणाचे प्रेम नव्हते. त्यांनी तबकड्या दिल्या त्या मोजक्याच. १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांवर ठेवायची सोनेरी तबकडी तयार होत होती आणि कार्ल सेगन यांची मंडळी पृथ्वीवरचे संगीत निवडत होती. रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने भारताकडून केसरबाईंची 'जात कहाँ हो' ही भैरवी सुचवली. पंचाईत अशी झाली की ती तबकडी बाजारात मिळेना. अखेर सेगन यांच्या मंडळीतल्या ॲन ड्रुयान यांना ती न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवर, एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात सापडली. टेबलाखाली धूळ खात पडलेल्या खोक्यात न उघडलेल्या तीन प्रती होत्या. तिन्ही हव्यात म्हटल्यावर दुकानदार मंडळी बुचकळ्यात पडली. या बाईला एकाच गाण्याच्या तीन तबकड्या कशाला, यावर त्यांची आपसांत बरीच चर्चा झाली म्हणतात. याने ऑगस्ट आणि सप्टेंबरात सुटली, आणि केसरबाई त्याच वर्षी १६ सप्टेंबरला गेल्या.

कंपनीच्या यादीतून जवळजवळ बाद झालेली तबकडी कोणाच्या तरी खोक्यात राहिली होती, म्हणून तिच्यातले गाणे ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचले. कंपनीचा करार तिथे आड आला नाही, कारण विकलेला माल कंपनीला परत बोलावता येत नव्हता. समजा तीच भैरवी फक्त स्ट्रीमिंगवर असती आणि नेमकी त्या महिन्यात उतरवलेली असती, तर ड्रुयानबाईंनी कोणाच्या टेबलाखाली वाकायचे होते? जाता जाता सांगतो, त्या सोनेरी तबकडीबरोबर सुईही पाठवली आहे आणि ती कशी वाजवायची याच्या खुणाही कोरल्या आहेत. परग्रहावरच्यांना आपण गाणे मालकीने दिले. वर्गणी पृथ्वीवरच्यांसाठी.

मराठी संगीताचा इतिहास असाच लोकांच्या घरात टिकला आहे. मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था सुरू झाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पदरमोड करून 'द रेकॉर्ड न्यूज' हे पत्र चालवले, कोणत्या गायकाने काय ध्वनिमुद्रित केले याच्या याद्या लावल्या, ऐकण्याच्या बैठका भरवल्या. चोरबाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात गठ्ठे उपसून, लेबलवरचा क्रमांक आणि लेबलाबाहेर कोरलेला मॅट्रिक्स नंबर टिपून घेणारी ही माणसे. आज यूट्यूबवर जुनी मराठी गाणी सापडतात त्यांतली कितीतरी अशाच कोणा संग्राहकाच्या तबकडीवरून चढवलेली असतात. पार्श्वभूमीची खरखर ऐकूनच ते कळते. हा साठा तुम्ही राखलेला नाही. तो ज्यांनी विकत घेतला त्यांनी राखला आहे. आजच्या गाण्यांच्या वाट्याला असा राखणदार येणार नाही, कारण आज त्यांतली बहुतेक कोणाला धडपणे विकत घेताच येत नाहीत.

आता कायद्याकडे येतो, कारण इथे तुमची बाजू सर्वांत लंगडी आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रकाशित झाल्यापासून ६० वर्षे राहतो, आणि शब्द व चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षे. 'संगीत मानापमान' घ्या. नाटक १९११ चे. पदे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची, ते १९४८ साली वारले. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ते १९५५ साली गेले. शब्दांवरचा हक्क २००८ अखेर संपला, चालींवरचा २०१५ अखेर. भामिनीची पदे बालगंधर्वांनी ज्या तबकड्यांवर गायली त्या तर साठ वर्षांहून कितीतरी जुन्या. म्हणजे ते गाणे आता कायद्याने तुमचे नाही, माझेही नाही. ते सगळ्यांचे आहे. तरीही ते तुमच्याकडून मिळते ते कुलूपबंद फाइलमध्ये, महिन्याच्या वर्गणीवर, आणि वर्गणी थांबली की तेही थांबते. खरखर काढून, पट्टी आणि गती नीट लावून स्वच्छ प्रत केली असेल तर त्या मेहनतीचे दाम जरूर लावा, आम्ही देऊ. पण जे सार्वजनिक झाले आहे त्याला कुलूप घालून रोज दाराशी पैसे मागणे योग्य नव्हे.

विकत घेतलेल्या तबकडीबरोबर आणखी एक गोष्ट मिळत असे, ती म्हणजे माहिती. १९०२ साली ध्वनिमुद्रक फ्रेड गेजबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जानची तबकडी केली, तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीत हानोव्हरला जात. लेबल लावणाऱ्यांना गायक कोण ते कळावे म्हणून गाणे संपता संपता गवई स्वतःचे नाव मोठ्याने सांगत. पुढे लेबलवर गायक, राग, नाटक, क्रमांक, आणि एलपीच्या मागे तर साथीदारांपासून टिपणापर्यंत सगळे आले. तुमच्या पडद्यावर कवीचे नाव शोधावे लागते, तबलजी तर बहुतेक वेळा नसतोच. बालगंधर्व १९६७ साली गेले, पण त्यांच्या गाण्यापुढे या शतकातले सालही दिसते, कारण तुम्ही संकलन कधी निघाले ते लिहिता, गाणे कधी गायले ते नाही. 'गीतरामायण' १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे अशा अनेकांच्या आवाजात झाले, आणि तबकड्यांवर आले ते एकट्या सुधीर फडक्यांच्या आवाजात. नव्याने ऐकणाऱ्याला हा फरक कुठून कळावा? ज्या कंपनीच्या दप्तरात ही माहिती आहे तिने ती फाइलबरोबर द्यावी, यात खर्च तो कितीसा?

पैशांचे थोडक्यात सांगतो. माझी वर्गणी मी ज्याला ऐकतो त्याच्याकडे जात नाही. ती मोठ्या हौदात पडते आणि एकूण किती वेळा काय वाजले त्या प्रमाणात वाटली जाते. त्यातही २०२४ पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा कोणी ऐकले नाही, त्याच्या ध्वनिमुद्रणाचा पैसाच निघत नाही. कीर्तनाचे एखादे पद वर्षातून एकदोनदा ऐकणारे माझ्यासारखे चारदोनशेच लोक असले, तर त्या पदापायी कीर्तनकाराला वर्षाअखेर शून्य. तेच चारदोनशे लोक त्याचे ध्वनिमुद्रण पन्नास-शंभर रुपयांना विकत घेतील, तर त्याच्या हातात काही हजार पडतील.

आणि ग्रंथालये? १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाला आपले पुस्तक राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबईसह आणखी काही ठरावीक ग्रंथालयांत पाठवावे लागते. ध्वनिमुद्रणांना तसे कोणतेही बंधन नाही. पुस्तक छापले की निदान चार ठिकाणी राहते. गाणे मात्र तुमच्या सर्व्हरवरून पुसले की संपले. तालुक्याच्या वाचनालयाने तुमची वर्गणी घेऊन चार लोकांना ऐकवायचे म्हटले तरी तुमच्या अटींत ते बसत नाही, कारण वर्गणी वैयक्तिक वापरापुरती असते. कायदा होईल तेव्हा होईल. तोवर दरवर्षी प्रकाशित केलेल्या मराठी ध्वनिमुद्रणांची एक खुली प्रत एखाद्या सार्वजनिक संग्रहालयाला देण्यापासून तुम्हाला कोणी अडवलेले नाही.

तेव्हा स्ट्रीमिंग चालू ठेवा, त्याच पानावर 'ऐका'च्या शेजारी 'विकत घ्या' असे एक बटण द्या. सुरुवात सगळ्या साठ्याने करायची गरज नाही. साठ वर्षांहून जुनी मराठी ध्वनिमुद्रणे आधी घ्या, त्यांत हक्कांची भानगड सर्वांत कमी आहे. फाइल कुलपाशिवाय द्या, सोबत कवी, संगीतकार, साथीदार आणि साल द्या. गाणे उतरवायची वेळ आलीच तर महिनाभर आधी कळवा, म्हणजे ज्याला घ्यायचे तो घेऊन ठेवील. पहिल्या दिवशी 'मानापमान'ची पदे ठेवा आणि भाव लावा. मी यूपीआयवर पैसे भरायला तयार आहे.

कळावे,

आपला,
एक वर्गणीदार